आत्याकडे, लिफ्ट मागत मागत

रायपुरात लिफ्ट मागायला कोणी अंगठा दाखवत नाही. हात आडवा धरून जरासा खाली-वर हलवायचा, झालं काम. बीरगांवच्या रस्त्यावर सकाळी कारखान्यात निघालेली माणसं अशीच उभी असतात. स्कूटरवाला थांबतही नाही, नुसता वेग कमी करतो, आणि मागचा माणूस "चलो भैया" म्हणत बसतो. माझे बाबा उरलातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात होते, त्यांची मागची सीट कधी रिकामी गेली नाही. जर्मनीत मात्र अंगठा वर करून उभं राहावं लागतं. आपल्याकडे ज्याला ठेंगा दाखवणं म्हणतात, तेच येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला करायचं आणि वर तिनं थांबावं अशी अपेक्षा ठेवायची. पहिल्या दिवशी मला इतकी लाज वाटली की मी हात खिशाजवळच ठेवून अंगठा अर्धाच काढत होते. थांबणार कोण, डोंबल?

ही गोष्ट आमच्या शंकर नगरच्या घरी फार प्रसिद्ध आहे. कोणी पाहुणा आला, चहा झाला, की आई सुरू होते, "हिनं तर जर्मनीत लिफ्ट मागत मागत आख्खा देश पार केला. आत्याले भेटायले गेली होती." पाहुणा म्हणतो, "बाप रे, डर नहीं लगा?" मग मी गमतीचा भाग सांगते, सगळे हसतात, आणि मी कपबशा उचलून आत जाते. परवा एका बाईंनी विचारलं, "किती छान अनुभव असेल ना?" माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी कपच आपटला. छान म्हणे! तो प्रवास मी केलाच नसता तर बरं झालं असतं. केला, आणि आता आयुष्यभर तो गिळताही येत नाही न थुंकताही येत नाही. म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. रायपुरातच एका मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. त्या काळी इकडच्या खेड्यांत बोअरवेलचे पंप बसवायला काही जर्मन लोक आले होते, त्यातला एक तापानं दवाखान्यात पडला. पुढचं काय सांगायचं! आत्यानं लग्न केलं आणि गेली. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, रेल्वेत होते, मूळचे वर्ध्याकडचे, कडक माणूस. ते आत्याशी त्यानंतर मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बाबा तेव्हा शाळेत होते. आबा गेल्यावर आत्या दोनदा येऊन गेली, सोबत सहा फुटांचे, गोरेपान, ओठांवर आलेल्या पांढऱ्या मिशांचे आमचे फूफाजी. आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, सगळा त्यांना बघायला गोळा व्हायचा. ते हात जोडून "नमस्ते, ठीक है, पानी" म्हणायचे, कारण त्यांना तेवढंच यायचं. मूलबाळ नव्हतं. आत्या त्यांच्याशी जर्मन बोलायची, आमच्याशी मले-तुलेची मराठी.

मी शिकायला जर्मनीत गेले ती देशाच्या दक्षिणेला. आत्या पार उत्तरेला, समुद्राच्या जवळच्या एका खेड्यात. जायच्या आधी बाबांनी एकच गोष्ट बजावली होती, "पोहोचली की आधी तिच्याकडे जा." मी म्हटलं, "हव." आणि गेले नाही. आज कॉलेज, उद्या काम, परवा परीक्षा. फोनवर बोलणं व्हायचं. ती नेहमी विचारायची, "जेवली का वं?" आणि मी म्हणायचे, "हाँ आत्या, खा लिया." आम्ही रायपूरची पोट्टी अशीच. घरात मोठे मराठीत विचारतात आणि आम्ही हिंदीत उत्तर देतो, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मी आज जी मराठी लिहिते आहे ती नंतर पुस्तकं वाचून वाचून कमावलेली आहे. तेव्हा माझ्या तोंडून मराठीचं एक आख्खं वाक्य निघत नव्हतं.

मग आत्याचं डोकं विसरायला लागलं. आधी चाव्या, मग रस्ते, मग माणसं. आणि त्यानंतर तिची जर्मन गेली. चाळीसहून जास्त वर्षं जी भाषा बोलली, दवाखान्यात जिच्यात नोकरी केली, ती भाषा पुसून गेली आणि खाली उरली ती आमच्या घरची मराठी. त्या खेड्यात ती कोणाला समजणार?

उन्हाळ्यात एकदा फूफाजींचा फोन आला. हा माणूस कधी जास्त बोलत नसे. म्हणाले, "ती दिवसभर काहीतरी सांगते, मला एक अक्षर कळत नाही. पण एक गोष्ट ती अजून जर्मनमध्येच बोलते. मी जवळ गेलो की मला घालवून देते."

मी विचारलं, "काय म्हणते?"

"ते मी माझ्या तोंडानं नाही म्हणणार. फार वाईट बोलणं आहे ते. रस्त्यावरची पोरं बोलतात तसं. ती आयुष्यात कधी मला असं बोलली नव्हती." मग म्हणाले, "तू ये. तुला तिची भाषा येते. तिला विचार, माझं काय चुकलं. मला तेवढंच पाहिजे."

त्यांनी फोन तिच्या कानाला लावला. आत्याचा आवाज आला, अगदी खणखणीत, "कोन बोलून राहिली वं?" आणि मी काय म्हणावं? "आत्या, मैं बोल रही हूँ, रायपुर वाली." सवयच ना! पलीकडे काही ऐकू येईना. मी दोनदा "आत्या, आत्या" केलं. मग फूफाजींचा आवाज आला, "तिनं फोन खाली ठेवला." मी म्हटलं, परीक्षा झाली की लगेच येते.

खरं सांगायचं तर मला तेव्हा फूफाजींचाच राग आला होता. बाई उगाच नवऱ्याला हाकलते का? केलं असेल यानं काहीतरी. एवढ्या वर्षांत तिला माहेरी दोनदाच आणलं, घरात तिच्या भाषेचा एक शब्द शिकला नाही, आणि आता विचारतो माझं काय चुकलं! मी मनातल्या मनात जर्मनमध्ये त्यांना सुनवायची वाक्यं तयार करत होते.

परीक्षा झाली तोवर फूफाजींनी आत्याला गावातल्याच एका वृद्धाश्रमात ठेवलं होतं, जिथं अशा लोकांची देखभाल करतात. "मी घरात असलो की तिला त्रास होतो," एवढंच ते म्हणाले. हे ऐकून बाबा रायपुरात जेवले नाहीत. मला फोन करून म्हणाले, "तू उद्याच्या उद्या जा. टिकिटाचे पैसे पाठवतो, टिरेननं जा."

मी म्हटलं, "पैसे मत भेजो बाबा, हैं मेरे पास."

नव्हते. महिनाअखेर होती. पण मला घमेंड. माझ्या हॉस्टेलातली दोन-तीन मुलं लिफ्ट मागत थेट स्पेनपर्यंत जाऊन आली होती आणि त्यांच्या गोष्टी ऐकून माझ्या अंगात आलं होतं. बापाकडे हात पसरण्यापेक्षा रस्त्यावर अंगठा काढलेला बरा. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव लिहिलं, पाठीवर बॅग टाकली, आणि आत्यासाठी आईनं पाठवलेला गोडलिंबाच्या चटणीचा डबा बरोबर घेतला. फूफाजींना सांगितलं, उद्या दुपारपर्यंत पोहोचते. ते म्हणाले, "उद्या? नक्की?" मी म्हटलं, "नक्की."

पहिली गाडी थांबली ती एका म्हाताऱ्या बाईंची. मागच्या सीटवर भोपळेच भोपळे. त्यांनी मला बसवलं आणि पहिल्या वाक्यापासून रागवायला सुरुवात केली. एकटी मुलगी, असं रस्त्यावर, तुझ्या आईला माहीत आहे का? मी म्हटलं, नाही. तर अजून रागावल्या. आमच्या पाऱ्यातल्या काकू बऱ्या, इतक्या रागावल्या. पुढच्या गावात उतरवलं तेव्हा एक भोपळा माझ्या हातात कोंबला. बॅग, पुठ्ठा, डबा आणि भोपळा घेऊन मी हमरस्त्याच्या तोंडाशी उभी. आता अंगठा काढायचा कुठल्या हातानं? शेवटी भोपळा पेट्रोलपंपावरच्या पोरीला देऊन टाकला. पाहुण्यांना मी ही गोष्ट सांगते, आणि ते इथं हसतात.

दुसरा भेटला तो एक तुर्की ट्रकवाला. बाबांच्या वयाचा, पोट स्टिअरिंगला टेकलेलं. कुठं निघालीस, विचारलं. मी जर्मनमध्ये 'टान्टं'कडे म्हटलं. जर्मन लोकांना आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या एकच. तो म्हणाला, "असं नाही चालत. वडिलांची बहीण की आईची?" मी म्हटलं, वडिलांची. "मग हला म्हण! हला!" त्यांच्याकडे आत्याला वेगळा शब्द आहे म्हणे. मला इतका आनंद झाला की विचारू नका. मग मी त्याला आत्या म्हणायला शिकवलं आणि तो वाटभर "आट्या, आट्या" करत राहिला. दुपारी त्यानं आपल्या डब्यातली अर्धी पोळी आणि ऑलिव्ह मला दिले. म्हणाला, "हला आजारी आहे आणि तू अशी जातेस? ट्रेननं का नाही गेलीस?"

मी म्हटलं, "पैसे वाचवायला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचं ते पाहणं मला आज कळतं.

त्याचा रस्ता मधेच वळत होता, म्हणून त्यानं मला ट्रक थांबतात तिथं उतरवलं. इथंच माझा सत्यानाश झाला. ते थांबण्याचं ठिकाण हमरस्त्याच्या ज्या बाजूला होतं तिथून निघणाऱ्या गाड्या सगळ्या पश्चिमेला जात होत्या, आणि मी शहाणी उत्तरेकडच्या गावाचं नाव लिहिलेला पुठ्ठा धरून उभी. गाड्या येत, माणसं हसून हात हलवत, निघून जात. मला वाटलं, मजा करून राहिले माझी. मी त्यांच्यावर चिडले, वाऱ्यावर चिडले, पुठ्ठ्यावर चिडले. शेवटी एका सफाईवाल्या बाईंनी येऊन सांगितलं, "अगं, इथून कोणी तिकडं जातच नाही." संध्याकाळ झाली होती. जवळच्या शहरात माझ्या कॉलेजची एक मुलगी राहायची, तिच्या खोलीवर मी रात्र काढली. दुसऱ्या दिवशीही तोच खेळ. थोडं पुढं, पुन्हा उभी, थोडं पुढं, पुन्हा उभी. फूफाजींना मेसेज टाकला की आज नाही, उद्या सकाळी. उलट उत्तर आलं नाही. बाबांचा फोन आला, "पोहोचली का?" मी म्हटलं, "हाँ बाबा, बस पहुँच ही रही हूँ." ते खूश झाले आणि लगेच आईला ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या टँकरनं मला त्या खेड्यात सोडलं. विटांची घरं, सपाट रस्ता, वारा असा की उभं राहवेना. फूफाजी वृद्धाश्रमाच्या दाराशीच उभे होते. मिशा तशाच, पण अंग अर्धं झालेलं. कोट खांद्यावरून ओघळत होता. मी तयार केलेली सगळी भांडणाची वाक्यं कुठल्या कुठं गेली. मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"काल यायला पाहिजे होतीस," ते म्हणाले. रागावून नाही, नुसतंच. "काल ती दिवसभर बोलत होती. महिन्याभरात इतकी बोलली नव्हती. मी दारात उभा राहून ऐकत होतो. मी तिला म्हटलं, बोल, बोल, आज दुपारी तुझ्या भावाची मुलगी येणार आहे, तिला सगळं सांग."

"आणि आज?"

"आज ती गप्प आहे."

काल मी कुठं होते? एका पुलाखाली पुठ्ठा धरून उभी होते, फुकटात गाडी मिळावी म्हणून. ट्रेननं आले असते तर परवा रात्रीच पोहोचले असते आणि काल दिवसभर आत्याच्या पलंगाशी बसले असते. ती काय काय म्हणाली असेल? कोणाबद्दल? ते आता कोणालाच कधी कळणार नाही. ते समजू शकणारं एकच माणूस त्या देशात तिच्यासाठी निघालं होतं, आणि ते माणूस अंगठा दाखवत फिरत होतं.

फूफाजी खोलीत आले नाहीत. दाराबाहेरच थांबले. "मी आलो की तिला राग येतो. तू जा."

मी आत गेले. आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. केस कापलेले, अंगात स्वेटर, पाय मोज्यांत. कपाळ मोकळं. मी खाली तिच्या पायाशी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा विचार करून, शब्द जुळवून म्हटलं, "आत्या, मी आली वं. रायपूरहून. तुह्या भावाची पोट्टी." तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. माझी बाही चिमटीत धरली, कापड बघतात तशी चोळली, आणि सोडून दिली. मी पुन्हा पुन्हा बोलत राहिले, बाबांचं, आईचं, तेलीबांध्याच्या तलावाचं, जे सुचेल ते. माझी मराठी अडखळत होती, मध्ये हिंदी घुसत होती, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. ती ऐकत होती की नाही, कोण जाणे. मी डबा उघडून चटणीचा वास तिला दिला. तिनं नाक हलवलं, बस.

तेवढ्यात तिथं काम करणारा एक माणूस आला. तिशीचा, हसरा, हातात पाण्याचा पेला. वाकून त्यानं तिला जर्मनमध्ये विचारलं, "पाणी पिणार का?"

आत्या मान खाली घालून हळूच म्हणाली, "हव आबा."

तिच्या तोंडात आता शेवटचा आ राहत नव्हता. ऐकू आलं ते 'हव आब'.

तो माणूस हसला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मनावर घेऊ नका. त्या सगळ्यांनाच असं म्हणतात. मी तर रोज ऐकतो."

क्षणभर मला काही समजेना. मग समजलं. जर्मनमध्ये 'हाउ आब' म्हणजे चालता हो. कुत्र्याला म्हणतात, नको असलेल्या माणसाला म्हणतात. तोच उच्चार, तेच दोन तुकडे. आणि आत्या कोणालाच जा म्हणत नव्हती. आमच्याकडे, नागपूरपासून रायपूरपर्यंत, हो म्हणायला हव म्हणतात. तिचं सगळं जग पुसून गेलं होतं आणि समोर येणारा प्रत्येक पुरुष तिचा बाप झाला होता. ती बापाला सांगत होती, हो आबा. तिला त्या माणसानं पेला दिला, आणि ती शहाण्या पोरीसारखी सगळं पाणी प्यायली.

मी धावत बाहेर गेले. फूफाजी बाकावर बसले होते. मी त्यांना विचारलं, "ती तुम्हाला काय म्हणायची? आज सांगाच." त्यांनी मान फिरवली. मीच म्हटलं, "हाउ आब?" त्यांनी डोळे मिटून होकार दिला. मग मी सांगितलं. एकदा सांगितलं, त्यांना कळलं नाही. पुन्हा सांगितलं. हव म्हणजे हो. आबा म्हणजे तिचे वडील. ती तुम्हाला घालवत नव्हती हो फूफाजी, ती तुम्हाला हो म्हणत होती.

मला वाटलं, फूफाजी रडतील. रडले नाहीत. म्हणाले, "घरी असताना मी रोज तिच्या खोलीच्या दारात जायचो. आत जायच्या आधी विचारायचो. आमची पद्धत होती ती, एकमेकांना विचारायची."

"काय विचारायचात?"

"थोडा वेळ बसू का तुझ्याजवळ?"

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"ती हे म्हणायची," ते म्हणाले, "आणि मी दार लावून स्वयंपाकघरात जाऊन बसायचो. रोज. मला वाटलं, मी इथं राहिलो तर ती शांत होणार नाही. म्हणून तिला इथं आणलं."

मग ते उठले, कोट नीट केला आणि खोलीत गेले. तिच्यासमोर उभे राहून त्यांनी तोच प्रश्न विचारला. आत्या खिडकीबाहेर बघत होती. ती काही बोलली नाही. ते तरीही खुर्ची ओढून बसले. मी त्या गावात आठवडाभर राहिले, त्यांच्याच घरी. ते रोज सकाळी जाऊन बसायचे, रोज तोच प्रश्न विचारायचे, पण तो शब्द तिच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. ना तो, ना दुसरा कुठला. थंडीत ती गेली. फूफाजींनी फोनवर सांगितलं की शेवटी ते जवळच बसलेले होते.

परतीचा प्रवास मी ट्रेननं केला. तिकीट फूफाजींनी काढलं आणि मी मुकाट्यानं घेतलं.

बाबांना मी हे सगळं सांगितलं नव्हतं. लिफ्टची गंमत सांगितली, आणि आत्याबद्दल एवढंच, की ती शांत होती, चांगल्या जागी होती, फूफाजी काळजी घेत होते. शिक्षण संपवून मी रायपूरला परत आले, नोकरीला लागले, आईच्या पाहुण्यांना भोपळ्याची गोष्ट सांगत राहिले. पण त्या दिवशी मी कप आपटला तेव्हा बाबा तिथंच होते. पाहुणे गेल्यावर ते माझ्यामागं स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "काहून चिडून राहिली तू? काय झालं होतं तिथं? सांग मले."

मी सांगितलं. या खेपेला काही लपवलं नाही. एक दिवस उशीर, हव आबा, फूफाजींचं रोज दारात उभं राहणं, सगळं. मला वाटलं होतं, बाबा म्हणतील, जाऊ दे, तुला काय माहीत होतं. किंवा हसतील तरी, की पाह्य बरं, एका शब्दानं काय घोटाळा केला. बाबा ओट्याला टेकून उभे होते, ते खाली पाटावरच बसले.

"म्हणजे तिनं हव म्हटलं," ते म्हणाले, "न समोरचा मानूस उठून गेला."

"हव."

"रोज?"

"हव बाबा. रोज."

"लग्नाचं सांगितलं होतं ना तिनं घरी, तवा मी तिथंच अभ्यास करत होतो. आबांनी विचारलं, माह्यं ऐकशीन का? त्याले सोडशीन का? तुही आत्या नाही म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. आबा ओरडले नाही, मारलं नाही. नुसते उठले, चपला घातल्या न बाहेर गेले. दार ओढून घेतलं. त्यानंतर ते तिच्यासमोर आलेच नाही." बाबांनी चष्मा काढून हातात धरला. "तिले वाटलं असन, आता तरी हव म्हनते. आता तरी आबा बसतीन."

नळ चालू राहिला होता, तो मी बंद केला. बाबा पाटावरून उठेनात. आणि मला कळून चुकलं की हे त्यांना सांगायलाच नको होतं.